सिस्टरनी न ऐकलेला अल्बम

दुपारचे दोन वाजलेत. मी पहाटे चारला दूध संघाच्या लॅबमध्ये कामाला जातो, बाटल्यांमधून आलेल्या दुधाची फॅट तपासतो आणि दीडपर्यंत घरी येऊन, जेवून आडवा होतो. हे रोजचंच आहे. आज मात्र झोप धड येत नाही आणि धड जातही नाही. डोळे मिटलेले आहेत. पंखा फिरतोय. स्वयंपाकघरात माझी बायको प्रणिता भांडी लावतेय, तेही ऐकू येतंय. आणि उशीखाली फोन सारखा थरथरतोय.

तो का थरथरतोय ते मला माहीत आहे. 'खटका'चा नवा अल्बम शुक्रवारी आला. आज रविवार.

'खटका' हा इचलकरंजीतल्या चार जणांचा पंक बँड. मोजून तीन सूर, अंगावर येणारे ड्रम, आणि गाणं सुरू होतंय म्हणेपर्यंत दोन मिनिटांत खलास. आम्ही त्यांचे चाहते काही हजारोंनी नाही. ग्रुपवर एकशे बारा जण आहोत, मिरज, कऱ्हाड, निपाणी, असे कुठले कुठले. सहा वर्षांनी अल्बम आलाय. नाव 'रांगेत उभे राहा'. अकरा गाणी. तीन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. रमजान इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करतो, त्यानं लिहिलंय, 'ड्रम मऊ झालेत. माझ्या कारखान्यात याच्यापेक्षा जास्त दणका असतो.' कऱ्हाडची तृप्ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, चौथं गाणं ऐकून ती जिन्यातच बसून राहिली, वर जाववेना. पुण्यातल्या एकानं 'विकले गेले' एवढंच लिहिलं आणि त्यावर नव्वद उत्तरं आली.

ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे. मी अल्बम अजून लावलेलाही नाही.

फोन थरथरायचा थांबतो. खाटेची कड खाली दबते.

"जरा सरक की," कुणीतरी म्हणतं.

मी सरकतो. एस्तेर सिस्टर पायाशी बसलेल्या आहेत. फिकट निळी सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, पर्स आडवी अडकवलेली, दोन्ही कानांत कापूस. खटकाच्या कार्यक्रमाला त्या अशाच यायच्या. सिस्टर गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला वारल्या. हे मला आत्ताही पक्कं माहीत आहे. त्यामुळे मी दचकत नाही, फक्त पाय आवरून घेतो, कारण मोठ्या माणसाच्या दिशेनं पाय करून पडणं बरं दिसत नाही.

"झोप तू," त्या म्हणतात. "मी टेंपरेचर बघून जाते."

"मला ताप नाही सिस्टर."

"ते मी ठरवणार."

त्यांचा हात कपाळावर येतो. कोरडा, थोडा खरखरीत, सॅनिटायझरचा वास असलेला. आणि मी खोलीत नाही, मिरजेच्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात आहे, अकरा नंबरच्या कॉटवर. सगळ्या कॉट भरलेल्या आहेत, पण प्रत्येकीवर माणसाऐवजी दुधाच्या नमुन्याच्या बाटल्यांचा क्रेट ठेवलाय. क्रेटवर चादर गळ्यापर्यंत ओढलेली आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

याच कॉटवर आमची ओळख झाली होती. नऊ वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता, आणि मी खटकाचा टी-शर्ट घालूनच अ‍ॅडमिट झालो होतो. सलाईन लावता लावता सिस्टरनी विचारलं होतं, हे खटका म्हणजे काय, इलेक्ट्रिकचं दुकान? मी सांगितलं, गाणी म्हणतात. मग मी एक इअरफोन त्यांना दिला. त्यांनी उभ्या उभ्या एक गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "गाता येत नाही रे ह्याला. पण लबाड नाही माणूस." दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्या स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, आणखी आहेत का. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, रविवारी सकाळी चर्च आणि बाकी वेळ वॉर्ड, एवढंच त्यांचं जग होतं. त्यानंतर आम्ही खटकाचे सतरा कार्यक्रम बघितले. सिस्टर सगळ्यात पुढे. पोरं एकमेकांना ढकलत नाचायला लागली की त्या मागे सरकायच्या नाहीत. दोन्ही कोपरं बाहेर काढून उभ्या राहायच्या.

नवा अल्बम आला की ग्रुपवर सगळे त्यांच्या मताची वाट बघायचे. आधीच्या अल्बमवर त्यांनी लिहिलं होतं, 'सातवं काढा. बाकी ठीक.' बँडनं खरंच सातवं गाणं कार्यक्रमात वाजवणं बंद केलं.

"काय म्हणतायत सगळे?" सिस्टर विचारतात.

त्या माझ्या कॉटला लावलेला तक्ता वाचतायत. तक्त्यावर तापाचे आकडे नाहीत, ग्रुपवरचे मेसेज आहेत.

"रमजान म्हणतो, ड्रम मऊ आहेत."

"रमजानचा कान गेलाय. त्याला किती वेळा सांगितलं, मागापाशी कापूस घालत जा. पुढं?"

"तृप्ती चौथ्या गाण्याला रडली."

"तिला रडू दे. तिच्या वडलांचं झाल्यापासून रडली नव्हती ती." त्या पान उलटतात. "आणि हा कोण? विकले गेले म्हणणारा?"

"पुण्याचा आहे. नवीन आहे."

"विकत कुणी घेतलंय ते विचार त्याला. बघू तरी गिऱ्हाईक कोण आहे."

मी हसतो. त्या हसत नाहीत. पेननं तक्त्यावर खूण करतात आणि म्हणतात, "आणि तुझं मत कुठाय? इथं तुझ्या नावापुढं कोरं आहे."

मी चालायला लागतो. वॉर्डातून बाहेर पडलो की लांब व्हरांडा आहे, हे मला ठाऊक आहे. पण व्हरांड्याला आज दोन्ही बाजूंनी यंत्रमाग आहेत, बंद, कापड अर्धवट विणलेलं. सिस्टर माझ्याबरोबर चालतायत, आणि त्यांच्या बुटांचा फरशीवर चुकचुक आवाज येतोय. मला समजतंय की या व्हरांड्याच्या टोकाला ती खोली आहे आणि मला तिथं जायचं नाही.

पण आम्ही पोचतो. खोलीत एकच पलंग आहे, खिडकीशी.

गेल्या जुलैत सिस्टर इथं होत्या. पोटाचा कॅन्सर. एकोणतीस वर्षं ज्या वॉर्डात नोकरी केली त्याच्याच शेवटच्या खोलीत. मी शनिवारी जायचो. त्यांचं वजन बेचाळीस किलोवर आलं होतं, आणि तरीही नवीन आलेल्या नर्सला त्या पट्टी कशी गुंडाळायची ते पडल्या पडल्या सांगायच्या. एकतीस जुलैला त्यांनी मला विचारलं, "खटकाचं काही आलंय का रे नवीन?"

मी म्हटलं, नाही.

आलं होतं. माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं. मारू ढवळे, खटकाचा गायक, त्यानं मला दोन कच्ची गाणी पाठवली होती. माझं अक्षर बरं आहे, म्हणून अल्बमच्या आतल्या पानावरचे शब्द मी हातानं लिहून द्यायचे ठरलं होतं. मारूनं बजावलं होतं, कुणाला ऐकवायची नाहीत, अजून कच्ची आहेत. मी शब्द दिला होता. म्हणून मी सिस्टरना नाही म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. नऊ दिवसांनी त्या गेल्या.

दफनाच्या वेळी ग्रुपवरचे आम्ही चौघं खटकाचे काळे टी-शर्ट घालून सगळ्यात मागे उभे होतो. सिस्टरचा भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, आपण कुठल्या मंडळातले? रमजाननं सांगितलं, आम्ही त्यांच्याबरोबर गाणी ऐकायचो. त्या माणसाला वाटलं, भक्तिगीतं. आम्ही ते तसंच राहू दिलं.

स्वप्नातल्या खोलीत पलंग रिकामा आहे. सिस्टर त्याची चादर ताणून कोपरे आत खोचतायत, रोजच्या सवयीनं. मी दारात उभा आहे.

"सिस्टर, मला एक सांगायचंय."

"सांग की. मी कुठं पळून चाललेय?"

"तुम्ही विचारलं होतं ना, नवीन काही आलंय का. आलं होतं. दोन गाणी होती माझ्याकडं."

त्या चादर ताणायच्या थांबत नाहीत. "किती लांब होती?"

"एक पावणेदोन मिनिटांचं. दुसरं सव्वादोन."

"म्हणजे चार मिनिटं." त्या उशी आपटून ठेवतात. "चार मिनिटांत माझं सलाईनसुद्धा बदलून झालं नसतं."

"मी मारूला शब्द दिला होता."

"मारूला फोन केलास?"

"नाही."

"केला असतास तर काय म्हणाला असता तो?"

मला माहीत आहे तो काय म्हणाला असता. तो गिटार घेऊन दुसऱ्या बसनं आला असता. या पलंगाशेजारी उभा राहून ओरडून ओरडून गायला असता, आणि बाकीच्या पेशंटांनी तक्रार केली असती. हे मी एकतीस जुलैलाही ओळखून होतो.

"मग का नाही केलास?" त्या विचारतात. आवाज चढलेला नाही. पेशंटला गोळ्या का चुकवल्या विचारतात तसा आहे.

खोलीत आता संध्याकाळचा उजेड आहे. बाहेर कुणीतरी दुधाच्या कॅनची झाकणं एकावर एक रचतंय. मी आतापर्यंत हे कुणाला बोललेलो नाही, प्रणितालाही नाही.

"मला वाटलं दिवाळीपर्यंत अल्बम येईल आणि तुम्ही असाल," मी म्हणतो. "आणि ती फक्त माझ्याकडं होती. एकशे बारा जणांत फक्त माझ्याकडं. ते मला बरं वाटत होतं."

आता त्या हातातलं काम थांबवतात. माझ्याकडे नीट बघतात. त्यांचे डोळे शेवटच्या दिवसांत पिवळे झाले होते. आत्ता स्वच्छ आहेत.

"चुकलंच तुझं," त्या म्हणतात.

मी पुढच्या वाक्याची वाट बघतो. असू दे, झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नकोस, असं काहीतरी येईल म्हणून. ते येत नाही. त्या टेबलावरचा पेला पालथा ठेवतात, पर्स नीट अडकवतात.

"चल," म्हणतात. "मला ऐकायचंय."

खोलीचं दुसरं दार उघडतं आणि समोर हॉल आहे. इचलकरंजीतला, लग्नाचा, जिथं खटकाचे कार्यक्रम व्हायचे. छताला कुठल्यातरी लग्नाच्या पताका अजून लटकतायत. गर्दी आहे, पण सगळ्यांच्या पाठीच दिसतात. स्टेजवर चौघं उभे आहेत. मारूनं बनियनवर गिटार अडकवलीय. सिस्टर गर्दीतून सरळ पुढे जातात, लोक बाजूला होतात, वॉर्डात नातेवाईक व्हायचे तसे. मी त्यांच्या मागोमाग.

पहिलं गाणं सुरू होतं. 'टोकन'. सरकारी कचेरीत दिवसभर बसलेल्या बाईचं गाणं आहे. हे मी फोनवर शंभरदा तरी ऐकलंय. सिस्टर कानातला कापूस काढतात, दोन्ही बोळे पर्समध्ये ठेवतात, चेन लावतात. मान वाकडी करून ऐकतात. पावणेदोन मिनिटं एक शब्द नाही.

"ह्म्," त्या म्हणतात. "आवाज फाटलाय त्याचा. बरं झालं. आधी फार घासूनपुसून गायला लागला होता."

दुसरं, 'पाय'. मारूच्या आईला गुडघेदुखी आहे, त्यावर. या गाण्याला सिस्टर दोनदा मान हलवतात. मधे म्हणतात, "खरंय, जिना उतरतानाच जास्त दुखतं." एवढंच.

ड्रमर काड्या वर उचलतो. तिसरं गाणं.

काड्या खाली येतात आणि आवाज होत नाही. मारू तोंड उघडतो, गळ्याच्या शिरा फुगतात, गर्दी उड्या मारायला लागते, आणि हॉलमध्ये चिडीचूप शांतता आहे. फक्त शेकडो चपला फरशीवर पडल्याचा थपथप आवाज.

सिस्टर कानामागे हात धरतात. मग माझ्याकडे वळतात. "बाकीची कुठायत?"

"मी ऐकली नाहीत अजून," मी म्हणतो.

"मग मी कुठून ऐकणार?"

मला हे पटतं. स्वप्नात असल्या गोष्टी लगेच पटतात. पण अजून नऊ गाणी आहेत, आणि सिस्टर इतक्या लांबून आल्यात.

"तुमच्याशिवाय ऐकायची नव्हती मला," मी म्हणतो.

"मला विचारलंस?"

"नाही."

"पुन्हा तेच." आता त्या खरंच चिडल्यात. मारूकडे बोट दाखवतात. तो अजून आवाजाशिवाय ओरडतोय, घामानं निथळतोय. "ह्या पोरानं सहा वर्षं घालवली. त्यात तू एकदा स्वतःजवळ ठेवून घेतलंस, आता दुसऱ्यांदा ठेवतोयस. तेव्हा मला दिलं नाहीस, आता माझ्या नावानं स्वतःला देत नाहीस. कुणाला काय फायदा झाला त्यात?"

"सॉरी सिस्टर," मी म्हणतो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा म्हणतो.

त्या मान डोलावतात. माफ केलं म्हणत नाहीत. ऐकलं, एवढंच त्या मानेत आहे.

"पहिलं परत लाव म्हणावं," त्या म्हणतात. "तेवढं तरी आहे."

मी ओरडतो, मारू, टोकन! आणि टोकन पुन्हा सुरू होतं, या वेळी दुप्पट जोरात, फरशी हादरतेय, पताका हलतायत. सगळ्या पाठी एकदम उसळतात. सिस्टर माझ्यापुढे आहेत, साडीचा पदर कमरेला खोचलेला, वजन पूर्वीसारखं भरलेलं, पांढऱ्या बुटांवर उड्या मारतायत. छप्पन्न वर्षांची बाई आणि जमिनीपासून चांगली वीतभर वर जातेय. मी त्यांना धक्का लागू नये म्हणून मागून जवळ जातो. त्यांचं उजवं कोपर मागे येतं आणि सरळ माझ्या तोंडावर बसतं.

गरम, खारट.

सिस्टर लगेच वळतात. गाणं चालूच आहे. अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढून बघतात, चेहरा उजेडाकडे वळवतात.

"टाका घालायला नको," म्हणतात. "दाबून धर."

"सिस्टर, बाकीची नऊ..."

"दाबून धर म्हणतेय ना."

मी दाबून धरतो, आणि हाताखाली ओठ नाही, उशी आहे. पंखा फिरतोय. खिडकीतून साडेतीनचं ऊन भिंतीवर आलंय. खाटेच्या पायथ्याशी कुणी नाही, चादर सपाट आहे.

तोंडात चव तशीच आहे. मी उठून बसतो. उशीच्या पिवळ्या अभ्र्यावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग पडलाय, अजून ओला. मोरीतल्या आरशात बघतो. खालचा ओठ आतून फाटलाय आणि उजव्या बाजूनं सुजून वर आलाय. झोपेत दात लागला असेल. माणसं झोपेत दात खातात, ओठ चावतात, त्यात विशेष काही नाही. मी चूळ भरतो. पाणी गुलाबी होऊन जातं.

प्रणिता दारात येते. "अगं बाई, हे काय झालं?"

"सिस्टरचं कोपर लागलं," मी म्हणतो.

ती हसत नाही. सिस्टरना ती ओळखायची, आमच्या लग्नात त्या सगळ्यात आधी जेवायला बसल्या होत्या. ती फ्रिज उघडते, बर्फ फडक्यात बांधून माझ्या हातात देते, आणि मग मोरीच्या उंबऱ्याशीच उभी राहते.

"सिस्टर शेवटी आजारी होत्या ना," मी म्हणतो, "तेव्हा मी त्यांच्याशी एक खोटं बोललो होतो."

"सांग," ती म्हणते.

मी सांगतो. बर्फ ओठाला धरून सांगितल्यानं अर्धे शब्द बोबडे येतात. मिळून चार मिनिटांची ती दोन गाणी, मारूला दिलेला शब्द, न केलेला फोन, आणि ते बरं वाटणं. झाल्यावर म्हणते, "चार मिनिटांसाठी रे," आणि माझ्या हातातलं फडकं नीट करते. मग म्हणते, "लाव मग आता. मी पण ऐकते."

तिला खटका आवडत नाही. डोकं उठतं म्हणते. तरी ती स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बसते.

मी फोन भिंतीला टेकवून ओट्यावर ठेवतो आणि पहिल्यापासून लावतो. टोकन. पाय. मग ड्रमरच्या काड्यांचे चार ठोके, आणि तिसरं गाणं सुरू होतं, मोठ्यांदा, आवाजासकट. ड्रम मऊ नाहीत. रमजानला सांगायला हवं. प्रणिता कपाळाला आठ्या घालून ऐकतेय, पण उठत नाही. गाण्याच्या मधे अचानक सगळं थांबतं, एक श्वासभर. ही सगळ्यांनी मिळून ओरडायची जागा आहे. गाणं पहिल्यांदाच ऐकतोय, तरी ते कळतं.

मी ओरडतो. ओठ पुन्हा फुटतो, आणि बर्फाचं फडकं लाल होतं.